विचारलं कोणाला?

आपल्या अंकांकडे येणाऱ्या कवितांत दर दोन-चार पानांआड एक एकलव्य भेटतो. त्याच्या मागे शंबूक. मधूनमधून कर्ण. कवी वणीचा असो, उमरखेडचा असो की दारव्ह्याचा, एकलव्य सारखाच. अंगठा तुटलेला, रक्त गळतं आहे, आणि शेवटच्या दोन ओळींत तो अंगठा परत मागतो किंवा द्रोणाची मान धरतो. कविता संपली. टाळ्या झाल्या. कवी खाली बसला.

मला या कवितांबद्दल बोलायचं आहे. त्या लिहू नका म्हणून नाही. त्या अर्ध्यावर थांबतात म्हणून.

जुन्या वीरकथा आजच्या माणसाला काय शिकवतात, असा निबंध शाळेत घालतात. उत्तर ठरलेलं असतं : सत्य, त्याग, वचन, आज्ञापालन. दहापैकी सात मार्क. आपल्यासाठी हा निबंधाचा विषय नाही. या कथा आपली परवानगी घेऊन शिकवत नाहीत. त्या घरात आहेत, पारावर आहेत, एके काळी रविवारी सकाळी टीव्हीवर होत्या, आता मोबाईलवर आहेत. सुनेनं किती बोलावं, पोरानं मास्तरासमोर मान कुठपर्यंत वर करावी, मजुरानं मालकाच्या ओसरीवर कुठे थांबावं, हे त्या ठरवतात. ज्या समाजात कायद्याच्या पुस्तकापेक्षा पोथी जास्त वाचली जाते, तिथे पोथी हेच खरं कायद्याचं पुस्तक असतं. म्हणून तिची समीक्षा ही साहित्यातली चैन नाही, चळवळीचं काम आहे.

हे काम आपण सुरू केलेलं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दशावतार उलटे करून वाचले. वामनानं बळीला पाताळात घातलं ही देवाची लीला नसून राज्य हिसकावल्याची हकीकत आहे, असं बजावलं. पुढे शंभरेक वर्षांनी दलित कवींनी एकलव्य हातात घेतला. त्या वेळी ते मोठं काम होतं. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट गुरुभक्तीची म्हणून घोटून घेतली ती तुटलेल्या अंगठ्याच्या बाजूनं वाचली गेली. आपल्यालाही बाजू असते, हे कित्येकांना त्या कवितांनी कळलं.

पण पुढे काय झालं? भारत सरकार उत्तम खेळाडूला १९६१ पासून अर्जुन पुरस्कार देतच होतं. १९८५ पासून प्रशिक्षकाला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. आणि १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या, त्यांना नाव दिलं एकलव्य. पाहा जरा हा संसार. शिकवणारा द्रोण, जिंकणारा अर्जुन आणि आदिवासी पोरगं एकलव्य! तिघं एकाच सरकारच्या कागदावर नांदतात आणि कोणालाच काही खटकत नाही. शाळांना माझा विरोध नाही. पोरं शिकोत, मोठी होवोत. पण ज्या दिवशी आपलं प्रतीक सरकारी फाटकावर रंगवलं जातं आणि शेजारच्या द्रोणाला त्याचं भय वाटत नाही, त्या दिवशी ओळखावं की प्रतीकाची धार गेली.

बळीचंही तेच झालं. कापसाच्या या जिल्ह्यात शेतकरी मरतो आणि सरकार त्याला 'बळीराजा' म्हणतं. २०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी जी योजना निघाली तिचं नाव बळीराजा चेतना अभियान. मरणाऱ्याला राजा म्हणायला पैसे पडत नाहीत. जोतीरावांचा बळी घेतला, पण जोतीरावांचा प्रश्न घेतला नाही : वामन कोण? बियाण्याच्या दुकानात, सावकाराच्या वहीत, कापसाच्या भावात त्याचं पाऊल कुठे आहे? राजा म्हटलं की हा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

आपली प्रतीकं अशी सहज का गिळली जातात? कारण आपण गोष्ट फक्त उलटी केली, पुढे वाचली नाही. महाभारतात अंगठ्यापाशी एकलव्य संपत नाही. अंगठा गेल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडतो. पूर्वीचा वेग राहत नाही, पण सोडतो. पुढे द्रोणपर्वात घटोत्कच पडल्यावर कृष्ण अर्जुनाला सांगतो की जरासंध, शिशुपाल आणि हा निषाद यांना तुझ्याच भल्यासाठी आधी वाटेतून दूर केलं. म्हणजे अंगठा घेऊनही भागलं नव्हतं. बिनअंगठ्याचा माणूससुद्धा त्यांना जड जात होता! हे आपल्या किती कवितांत आलं? शाळेच्या पुस्तकानं जिथे कात्री लावली तिथेच आपला कवीही थांबतो. पुस्तक तिथे हात जोडतं, आपण मूठ वळतो, एवढाच फरक.

आणि द्रोण? तो काही जन्मजात राक्षस नाही. घरात दूध नाही, पोराला पिठाचं पाणी दूध म्हणून मिळालेलं. जुना मित्र राजा झाल्यावर ओळख विसरलेला. पोटासाठी कुरूंच्या दारी राहिलेला. त्यानं अर्जुनाला शब्द दिला की तुझ्यावर कोणी धनुर्धर होणार नाही, आणि तो शब्द राखायला जंगलातल्या पोराचा अंगठा मागितला. गरिबीतून वर आलेला, मिळालेली जागा सांभाळणारा, आणि ती सांभाळायला खालच्याचा हात कापणारा माणूस. मित्रांनो, हा एकाच जातीच्या आळीत राहतो असं समजू नका. नोकरी लागली, प्लॉट घेतला, फाटकावर नावाची पाटी लागली आणि गावाकडचा पुतण्या फॉर्म घेऊन आला की 'आपल्या हातात काय आहे रे बाबू' म्हणून चहावर बोळवण करणारा आपल्यातही आहे. हा द्रोण कवितेत येत नाही. तो आला तर टाळ्या कमी पडतील.

मग वाचायचं कसं? बाबासाहेबांनी वाचून दाखवलं आहे. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या, होऊ न दिलेल्या भाषणात शंबुकाचा उल्लेख आहे. तिथे बाबासाहेब रामाला शिव्या देत बसत नाहीत. ते म्हणतात की रामराज्य चातुर्वर्ण्यावर उभं होतं, आणि चातुर्वर्ण्य नुसत्या उपदेशानं टिकत नाही, त्याला दंड लागतो. ज्या राजानं ती व्यवस्था राखायची पत्करली त्याला शंबुकाला मारणं भागच होतं. वाचनाची ही रीत नीट पाहा. नजर माणसावरून उठते आणि कायद्यावर जाते. राम वाईट होता की चांगला, हा वाद भक्तांचा आणि निंदकांचा. कोणता कायदा चालू होता, हा प्रश्न नागरिकाचा.

हा प्रश्न किती झोंबतो ते १९८७-८८ साली दिसलं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, लोक टीव्हीला हार घालत. त्याच काळात महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. शेजारच्या अमरावतीत ग्रंथाची होळी झाली. परिशिष्ट गाळा म्हणून मोर्चे निघाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप जोडून. एकीकडे सरकारी टीव्ही राम दाखवतो, त्यावर टीप नाही. दुसरीकडे सरकारी ग्रंथ राम तपासतो, त्यावर टीप!

आपण ते परिशिष्ट वाचवलं. वाचलं किती जणांनी? ज्यांनी वाचलं त्यांना आठवेल की त्यात शंबूक आहे, वाली आहे, आणि पुष्कळशी जागा सीतेला दिली आहे. अग्निपरीक्षा, लोकापवाद, गरोदरपणी वनात सोडणं, हे सगळं बाबासाहेब एकेक करून मांडतात. आपण त्यातला शंबूक उचलला आणि सीता तिथेच ठेवली. ती दुसऱ्यांची बाई म्हणून. शंबुकाचा वध आणि सीतेचा त्याग, दोन्ही एकाच उत्तरकांडात आहेत. राजाही एकच. एकीकडे वर्ण राखायला तलवार चालते, दुसरीकडे कुळाची अब्रू राखायला बाई रथात घालून रानात नेतात. जो कवी शंबूक लिहितो आणि सीता गाळतो तो अर्धाच कायदा वाचतो.

इथे आपल्या जिल्ह्यात यावं लागतं. राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथे सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. लोक सांगतात : रामानं टाकलेली सीता इथे राहिली, लव-कुश इथे जन्मले, अश्वमेधाच्या वेळी मारुतीला त्यांनी इथेच बांधलं. बाळंतपणानंतर तिनं गावात पसाभर गहू मागितला. गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. आणि खरंच बरीच वर्षं पिकला नाही, संकरित बियाणं आलं तेव्हा पिकायला लागला, असं लोक म्हणतात.

ही गोष्ट कोणत्या पंडितानं रचलेली नाही. बायांनी जपली आहे. तिच्यातली समज पाहा. पोथीतला त्याग राजवाड्यात होतो. रावेरीची गोष्ट म्हणते, राजानं टाकलं ते टाकलं, पण गावानंही टाकलं. हुकूम वरून येतो आणि त्याची अंमलबजावणी गावात, प्रत्येक दारात होते. टाकलेल्या बाईला दाणा न देणं याला आपल्या भाषेत शब्द आहे : बहिष्कार. महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांना तो सोसावा लागला. काम बंद, किराणा बंद, वाट बंद. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडलं. रावेरीची गोष्ट तो गुन्हा कधीपासून सांगते आहे.

पण ही गोष्टही तशीच्या तशी डोक्यावर घेऊ नका. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं ती सांगताना मधेच म्हटलं होतं, 'आपल्या घरी गहू व्हताच कवा बाबू? आपल्याले कायचा शाप लागते?' एका वाक्यात तिनं समीक्षा करून टाकली. हा ज्वारीचा मुलूख. गहू मोठ्या घरचा, सणावाराचा. वेशीबाहेरच्या घरात भाकर. म्हणजे गहू नाकारणारे कोण होते हे गोष्टीतच आहे. पण शाप मात्र साऱ्या गावाला, ज्यानं नाकारला त्यालाही आणि ज्याच्याकडे नव्हताच त्यालाही. शाप हा न्याय नव्हे. दाद मागायला जागाच नसते तेव्हा माणूस शाप देतो. ज्याच्या हाती कायदा आला त्यानं शापाची भाषा सोडावी. आपल्या पुष्कळ कविता अजून शापाच्याच भाषेत आहेत.

या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या पुढाकारानं झाला. त्यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, नवऱ्यानं बायकोच्या नावे जमीन करायची. सीतेच्या गोष्टीतून सातबारापर्यंत जाणं हे मोठं पाऊल होतं, त्याला नाकं मुरडू नयेत. पण ज्या नवऱ्याच्याच नावे जमीन नाही त्याच्या बायकोची मुक्ती कशातून होणार? निंदणाला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला ती लक्ष्मी कुठे भेटणार? हा प्रश्न त्या कार्यक्रमात मावत नव्हता. तो आपल्या लेखनात तरी मावतो का?

आता मला म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो. कोणतीही वीरकथा हाती आली की एक प्रश्न विचारा : ज्यानं किंमत मोजली त्याला विचारलं होतं का? एकलव्याला विचारलं नाही, त्याच्याकडे मागितलं, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे मागणं म्हणजे घेणंच. शंबुकाला विचारलं, पण एवढंच की तू कोण? शूद्र म्हणताच पुढचं काम तलवारीनं केलं. सीतेला काहीच विचारलं नाही. तपोवन पाहायला चाललो या समजुतीत ती रथात बसली, आणि आपल्याला टाकलं हे तिला गंगेपलीकडे लक्ष्मणाकडून कळलं. तीनही कथा आदर्शाच्या म्हणून सांगतात. आदर्श शिष्य, आदर्श राजा, आदर्श पत्नी. आणि तीनही ठिकाणी आदर्श उभा राहतो तो न विचारता.

आता दुसरी कथा घ्या. बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही परंपरेची कथा बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी म्हातारा पाहिला नव्हता हे पटत नाही, म्हणाले. त्या जागी आली रोहिणी नदीच्या पाण्यावरची शाक्य-कोलियांची तंटेबखेडी. संघाची सभा. सेनापतीचा युद्धाचा ठराव. सिद्धार्थाचा विरोध. मतदान, आणि सिद्धार्थ अल्पमतात. मग धमकी : घराण्यावर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू. नीट ऐका, बहिष्कार आणि जमीन! रावेरीपासून रोहिणीपर्यंत हत्यारं तीच. आणि सिद्धार्थ म्हणतो, शिक्षा मला करा, घरच्यांना नको. म्हणून परिव्रज्या.

आणि निघण्याआधी तो घरी येतो. आईबापांशी बोलतो. यशोधरेशी बोलतो. या कथेत ती झोपेत टाकलेली बायको नाही. तो तिला तिचं मत विचारतो, आणि ती ते देते. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं, राहुल नसता तर मीही आले असते, अशा अर्थाचं बोलते. बाबासाहेबांनी कथेतून चमत्कार काढला आणि तिथे संवाद घातला. नशीब काढलं, तिथे निर्णय घातला. वीरकथा नवी कशी करायची याचा याहून मोठा धडा मराठीतल्या कुठल्या समीक्षाग्रंथात मला सापडलेला नाही.

हा धडा आपणच विसरत चाललो आहोत. रमाईवर आपल्याकडे किती गाणी, किती नाटकं, किती कविता! आणि सगळीकडे एकच शब्द : त्यागमूर्ती. गोवऱ्या थापणारी, फाटकं नेसणारी, लेकरं गमावूनही तोंडातून ब्र न काढणारी. रमाईंनी सोसलं हे खरं आहे, त्यापुढे मान झुकते. पण त्या सोसण्याचा साचा करून आपण पोरींच्या हाती देतो तेव्हा तो साचा कोणाचा असतो? निळ्या कापडात गुंडाळलेली ती सीताच असते. नागपूरला जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. तिथे बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीनं उभ्या राहा, दासी व्हायला नकार द्या. जयंतीच्या मांडवात हे वाक्य किती वेळा लागतं आणि 'त्यागमूर्ती' किती वेळा लागतं, मोजून पाहा. मांडवात माईक कोणाच्या हाती असतो आणि भाजीच्या कढईपाशी कोण असतं, तेही पाहा.

बाबासाहेबांबद्दलही तेच. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं की राजकारणात भक्ती शिरली की ती हुकूमशाहीकडे नेते. आपण त्या भाषणाचं पोस्टर करतो, पोस्टरला हार घालतो आणि पुढाऱ्याच्या पाया पडतो. आपला पुढारी युती करतो, फूट पाडतो, परत जोडतो. विचारलं कोणाला? वॉर्डातल्या पोरांना, बायांना, ज्यांनी पावसात झेंडे लावले त्यांना?

याच यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या बाईनं. निमंत्रण मागे घेतल्याची लाज त्यानं पुसली जात नाही. पण त्या मंडपात एक गोष्ट घडली. जिला लोक 'बिचारी' म्हणून कवितेत घालतात ती स्वतः माईकपुढे उभी राहून आपल्या तोंडानं बोलली. ती सीता नव्हती, त्यागमूर्ती नव्हती. एक बाई होती, आणि बोलत होती.

आपल्या लिहिणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं एवढंच. एकलव्य लिहा, पण द्रोणपर्वापर्यंत लिहा. द्रोण लिहा, आपल्या वसाहतीतलाही. शंबूक लिहाल तर सीता गाळू नका. रावेरीला जा, तिथल्या बायांना बोलू द्या, मधे आपली उपमा घुसवू नका. यशोधरेचं उत्तर लिहा. रमाईला साच्यातून काढा. आणि कविता पुरी झाली की पाठवण्याआधी एकदा विचारा, या ओळींत ज्याचं रक्त सांडलं त्याला बोलायला जागा ठेवली आहे का. नसेल तर आपणही नुसता अंगठाच मागतो आहोत.

जय भीम.